स्वस्तातली रायफल आणि रेइनोचं ‘चालेल’

रेइनो लाहतेलाच्या तोंडून आयुष्यात बाहेर पडलेला सर्वांत मोठा स्तुतीचा शब्द म्हणजे ‘चालेल’. बायकोने, हेल्मीने, लग्नानंतर पहिल्यांदा मांस, बटाटा आणि कांदा भरलेली पेस्टी करून वाढली, तेव्हा तो ‘चालेल’ म्हणाला होता. थोरली मुलगी जन्मली तेव्हाही तेच म्हणाला. नर्सने त्या वेळी त्याच्याकडे जसं पाहिलं, ते हेल्मीला अजून आठवतं. ती स्वतः मात्र त्या दिवशी समाधानाने झोपली. तिच्या माहेरचे पुरुष तेवढंही बोलत नसत.

रायफलींच्या बाबतीत तर हा शब्द त्याने चाळीस वर्षांत फार तर सहा वेळा खर्च केला असेल. ऑक्टोबर सरत आला, की तळ्याकाठच्या त्या गावातली माणसं हार्डवेअरच्या दुकानातून स्वस्तातल्या नव्या रायफली घेऊन त्याच्या गॅरेजसमोर उभी राहायची. लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावण्यात रेइनोचा जन्म गेलेला. पोलाद बघून त्याचं पोट ओळखायचा. मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईच्या चेहऱ्याने तो रायफल हातात घ्यायचा, आणि शेवटी पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर निकाल लिहून ती चापाच्या कडीला दोऱ्याने बांधायचा. ‘परत कर.’ ‘होडीचं वल्हं म्हणून ठीक.’ ‘मेव्हण्याला भेट दे.’ लोक ती चिठ्ठी सोडत नसत. तशीच लोंबकळवत शिकारीला जात.

निकालाच्या जोडीला एक नियमही होता. शंभर यार्डांवरच्या कागदी ताटलीत ज्याला लागोपाठ तीन गोळ्या बसवता येत नाहीत, त्याने हरणावर नेम धरू नये. हरीण जखमी होऊन झाडीत तडफडत मरतं, आणि हे नेमबाज शिकारीच्या कॅम्पमध्ये बसून वाऱ्याला नावं ठेवतात. या नियमाखाली रेइनोने एका वर्षी पाद्रीबाबांनाही घरी बसवलं होतं.

यंदा नियम त्याच्याच घरी मुक्कामाला आला. वसंतात त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. आजोबांची अक्रोडाच्या दस्त्याची रायफल आधीच गाढवासारखी लाथ मारायची. सप्टेंबरात त्याने तिच्यातून तीन गोळ्या झाडल्या. एक ताटलीत गेली, दुसरी खांबात, तिसरी बहुधा कॅनडात. त्याने रायफल भिंतीवर टांगली आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला. विल्हो आणि आर्ने या मित्रांबरोबर सेहेचाळीस हंगाम काढलेल्या कॅम्पचं नाव त्याने त्यानंतर काढलं नाही.

हेल्मीला त्या खुर्चीची धास्ती होती. तिचे वडील एका नोव्हेंबरात ‘या वर्षी राहू दे’ म्हणून असेच खिडकीशी बसले होते. पुढे कुठलंच वर्ष त्यांचं आलं नाही.

म्हणून तिने दुकानातली सर्वांत स्वस्त, दर गोळीमागे हाताने खिट्टी ओढायची बोल्टची रायफल विकत आणली. हलकी, लहान काडतुसाची, कमी लाथ मारणारी.

“हे काय आहे?” रेइनोने विचारलं.

“रायफल.”

“प्लास्टिकची?”

“नळी लोखंडाची आहे. विचारून घेतलं.”

शिकार सुरू व्हायला आठ दिवस उरले होते. रेइनोने ती गॅरेजच्या बाकावर आडवी ठेवली आणि खोट काढायला बसला. बोल्ट पूर्ण मागे ओढला, तर तो डुगडुगला.

“दात हलतोय हिचा.”

“या वयात तुझाही हलतो.”

मग त्याने पाकिटातून ठेवणीतली डॉलरची नोट काढली. नळी आणि दस्ता यांच्या फटीतून नोट टोकापासून मुळापर्यंत सरकली पाहिजे. दस्ता नळीला कुठे चिकटला, तर गोळी भरकटते. नोट सुळकन सरकली. रेइनोला वाईट वाटलं. त्याने पुढचं प्लास्टिक अंगठ्याने दाबलं, तेव्हा कुठे ते वाकून नोट अडकली.

“दाबलं की वाकतं.”

“मग दाबू नकोस.”

मासे तोलायचा काटा लावून त्याने चापाचा जोर मोजला. तोही हवा तेवढाच निघाला. शेवटी बोल्ट काढून त्याने नळी आभाळाकडे धरली आणि आतून पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. या वेळी जरा जास्तच वेळ. मग बोल्ट परत बसवला.

दुपारी दोघं खडीच्या खाणीत गेली. हेल्मीने ताटली लावली, रेइनो पत्र्याच्या टेबलाशी बसला, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली आणि तीन गोळ्या झाडल्या. दुर्बिणीतून बघायचीही गरज नव्हती. एक ताटलीच्या काठाला, दोन खाली मातीत.

“बघितलंस?” कानांवरचे आवाज अडवणारे डबे काढत तो म्हणाला. “भिकार रायफल. हिच्यावर कसलं हरीण मिळतंय. यंदा जमायचं नाही, विल्होला कळवून टाकतो.”

त्याच्या आवाजात सुटका होती, आणि तीच हेल्मीला टोचली. तिच्या कोटाच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. मंगळवारी चर्चमध्ये पेस्ट्या भरायला जाते असं सांगून ती नवी रायफल घेऊन याच खाणीत एकटी येऊन गेली होती. तो कागद टेबलावर ठेवला असता तर रायफलीचा वाद तिथेच मिटला असता. त्याबरोबर आणखीही बरंच काही मिटलं असतं. तिने हात दुसऱ्या खिशात घातला.

त्या खिशात भोक पाडलेली पितळी काडतुसं होती. आत दारू नाही, काही नाही. रेइनोने ती स्वतः केली होती, आणि त्यांच्या जोरावर अर्ध्या तालुक्याचं चाप ओढताना बिचकणं घालवलं होतं. पहिला रोगी हेल्मीच. लग्नाआधी ती चाप ओढायच्या आधीच डोळे मिटून घ्यायची.

“खांद्याला ताण नको,” ती म्हणाली. “मी भरते, तू झाड.”

रेइनोने तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं. शेकडो जणांना त्याने ते असंच सहज ऐकवलं होतं.

“तोंड फिरव,” हेल्मी म्हणाली.

त्याने बर्चच्या झाडांकडे तोंड फिरवलं. तिने एक काडतूस आत सरकवून बोल्ट लावला. तो वळला, नेम धरला, चाप ओढला.

टक्.

आवाज झाला तो एवढाच. पण नळीचं तोंड वीतभर खाली गेलं होतं, रेइनोचा डोळा घट्ट मिटला होता आणि खांदा मागे पळाला होता.

“हं,” रेइनो म्हणाला.

“हं,” हेल्मी म्हणाली.

“हे रायफलीने नाही केलं.”

“नाही.”

“खांदा दुखेल असं वाटतं. दुखत नाही. तरी वाटतं.”

“खांद्याला काय अक्कल असते? दुधाने पोळला की ताकही फुंकून पितो.”

 या वेळी त्याने आपणहून बर्चकडे तोंड फिरवलं.

तिने पोकळ भरलं, पुन्हा पोकळ, मग खरं, मग दोनदा पोकळ. कुठलं ते त्याला कळत नव्हतं, म्हणून हळूहळू त्याने वाट बघणंच सोडलं. ‘श्वास सोड आणि विसरून जा,’ असं ती मधूनमधून म्हणत होती. हेही त्याचंच. पण तो हे ओरडून म्हणायचा, ती थर्मासातली कॉफी ओतता ओतता म्हणाली. विसाव्या टक्‌ला नळी जागची हलली नाही. पंचविसाव्यालाही नाही.

हेल्मी जाऊन नवी ताटली लावून आली. तिने तीन खरी काडतुसं दिली आणि ती खरी आहेत असं सांगूनही टाकलं. रेइनोने सावकाश तिन्ही झाडली. मग दोघं चालत गेली. हेल्मीने कॉफीचा मग ताटलीवर पालथा धरला. तिन्ही भोकं मगाखाली झाकली गेली.

“नाण्याखाली मावली नसती,” तो म्हणाला.

“नियम ताटलीचा आहे. नाणं मिरवायला.”

हेही त्याचंच होतं. सामान आवरून झाल्यावर त्याने हात पुढे केला.

“आता दाखव.”

“काय?”

“मंगळवारचं. नव्या नळीत कारखान्याचं तेल असतं, हिच्यात नव्हतं. नळी साफ करायचा गज तू उलटा टांगलास. आणि चर्चमध्ये दिवसभर पेस्ट्या भरून आलीस, तरी अंगाला कांद्याचा वास नाही.”

हेल्मीने कागद काढून दिला. रेइनोने घडी उलगडली आणि खिशातलं नाणं त्यावर ठेवलं. तिने झाडलेल्या गोळ्यांची तिन्ही भोकं नाण्याखाली दिसेनाशी झाली.

“म्हणजे रायफल चांगली आहे हे तुला गॅरेजातच कळलं होतं,” ती म्हणाली. “वाईट असती तर मी ती तुला दाखवायच्या आधीच परत केली असती.”

“हो.”

“मग भिकार का म्हणालास?”

“तू कागद काढतेस का बघत होतो. काढला असतास, तर दोष माझाच ठरला असता, आणि मी विल्होला फोन केला असता, येत नाही म्हणून.”

“म्हणूनच नाही काढला.”

रेइनोने गाडीतून पुठ्ठा, पेन्सिल आणि दोरा काढला. एका चिठ्ठीवर ‘दाबू नका’ असं लिहून ती रायफलीच्या चापाच्या कडीला बांधली. दुसरी लिहायला त्याला बराच वेळ लागला. ती त्याने हेल्मीच्या कोटाच्या वरच्या बटणाला बांधली, गाठ दोनदा तपासली आणि विल्होला फोन लावला. “गुरुवारी येतोय,” एवढंच बोलून ठेवून दिला.

हेल्मीने चिठ्ठी सोडली नाही. रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबाबा तिच्याशी हात मिळवताना वाकले, बटणावरचा तो एक शब्द त्यांनी वाचला, आणि पुढच्या माणसाकडे वळायचंच विसरले.