काजल आजारीच आहे

काजलचा कॅन्सर गेला. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट साफ आहे.

असं काही झालेलं नाही. वरची ओळ तुम्ही वाचलेली नाही. 'बरी झाली' म्हटलं की नजर लागते, म्हणून आईने ते शब्द घरात बंद केलेत. मागे मावशी म्हणाली होती, "गालावर लाली आली पोरीच्या," आणि त्याच रात्री काजलला ताप भरला. तेव्हापासून मावशीही बंद आहे.

तर आमच्या नंदनवन वस्तीत माझी आठ वर्षांची बहीण पूर्वीसारखीच आजारी राहिली. बाहेरचं माणूस दिसलं की तिने आडवं व्हायचं, हा आईचा नियम. काजल पोहे खाताना आडवी झाली, टीव्ही बघताना झाली. एकदा कुरिअरवाल्यासाठीही झाली. तो बिचारा सही न घेताच गेला.

हॉस्पिटलच्या समुपदेशक अरुंधती मॅडमनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. म्हणाल्या, "आजार गेला तरी घराला वेळ लागतो. प्रत्येकाने सांगा, आत कसं वाटतंय?"

बाबा बराच विचार करून म्हणाले, "गाडी नो पार्किंगमधी आहे."

आई म्हणाली, "मी जेवली." जेवली नव्हती.

मी एक विनोद सांगितला. माझाच होता, तरी मला हसू आलं नाही.

मॅडम काजलकडे वळल्या, तर ती खुर्चीवरून घरंगळून फरशीवर. मॅडम बाहेरच्या होत्या ना.

परवा संध्याकाळी बाबांनी तिला गुपचूप सायकल काढून दिली. ती गल्लीच्या टोकाला पोचते न पोचते तोच समोरून शेजारच्या इंदुताई भाजी घेऊन आल्या. नियम म्हणजे नियम. काजल सायकलसकट रस्त्यात आडवी.

"अवं वंदना! पोरगी पडली नं तुही!"

आई कणकेच्या हातांनी धावत आली. नाटक आहे हे तिला माहीत होतं, बसवलंच तिने होतं. तरी तिने कपाळ पाहिलं, मान चाचपली, काखेत बोटं घातली. गाठ शोधली. मग पुन्हा मान. काजलचा गळा कणकेने पांढरा झाला.

काजलने एक डोळा उघडला. "आई, बराबर पडली ना मी? आता उठू?"

आईने पुन्हा काखेत बोटं घातली.

इंदुताईंनी सायकल उभी केली. "काहून लपवून राहिली वं? बरी दिसते पोरगी. सांग नं, मी काय चेटकीण आहो?"

आईने तोंड उघडलं. फक्त 'हो, बरी झाली' म्हणायचं होतं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. मग तिने तोंड मिटलं आणि काजलचा हात धरून तिथेच रस्त्यावर बसली.

मागून एक ऑटोवाला हॉर्न वाजवायला लागला. बाबा त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "थांब गा. घरचं काम चालू आहे."

तरी संबंधित नजरेस नम्र विनंती, की सदर मुलगी म्हातारी होईपर्यंत आपण या गल्लीकडे पाहू नये व तसे लेखी कळवावे, म्हणजे तिला रस्त्यावरून उठवता येईल.