कानाला लागलेला हात

उदाराम गुरुजींना पेन्शनीत जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांची संशय घ्यायची खोड काही पेन्शनीत गेली नव्हती. आता तर संशयाला घरातच कारण मिळालं होतं. नात रुख्मा अवघी चार वर्षांची. महिन्यापूर्वी मुलानं तिला शाळेत घातलं आणि दिवसभर अंगणात चिंचोके खेळत बडबडणारी पोर मुकीच झाली. घरी आली की भिंतीला टेकून, तोंडावर बोट ठेवून बसायची.

जन्मतारीख गावात कुणाला ठाऊक होती? उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला, की पोर शाळेचं झालं. गुरुजींनी रुख्माचा हात नेऊन पाहिला. तो टाळूच्या जरा पलीकडेच संपला. मग हिचं नाव लागलंच कसं?

कुठेतरी पाणी नक्कीच मुरत होतं. खेमराज मास्तर त्यांचाच जुना विद्यार्थी, पण गुरुजींचा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता. शाळेच्या पटावर पोरं कमी होती आणि डिप्टीसाहेब तपासणीला येणार होते.

दुपारी गुरुजी थेट शाळेत शिरले.

"खेमराज, हिचा हात कानाले लागला कसा?"

खेमराजनं रुख्माला जवळ बोलावलं. तिचा हात डोक्यावरून नेला, त्यावर आपला तळवा ठेवून तिची मान खांद्याकडे वाकवली. तिची बोटं कानाला लागली.

"असा जी."

"लबाडी करून राहिला तू!" गुरुजी कडाडले. "हे तिचं मातीत खेळाचं वय हाये. अक्षर का पळून चाललं? कोनं शिकवलं तुले हे?"

 खेमराज हळूच म्हणाला, "तुमीच, गुरुजी. तवाही पट कमी होता. माय नाई म्हनत होती, तरी तुमी माही मान अशीच वाकवली. वर्षभर बोललो नाई मी."

शाळा बंद पडू दिली नाही, हे गुरुजी जन्मभर मिरवत आले होते. डिप्टीसाहेबांची शाबासकी त्यांना शब्दन् शब्द आठवत होती. ते पोर मात्र आठवत नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"चल माय, घरी जाऊ," म्हणत त्यांनी रुख्माच्या डोक्यावरून फिरवायला हात पुढे केला.

हात येताना पाहून रुख्मानं आपणहून मान वाकवली आणि डोक्यावरून हात नेऊन कान धरला.