चौथ्या दिवशीचे चष्मे

चौथ्या दिवशी दुपारी जवळचे चष्मे संपले. इनास लोबोने खोका उलटा करून पाहिला, मग टेबलाखालची दुसरी पिशवी ओढून तिच्यात कोपरापर्यंत हात घातला. हाताला लागत होते ते सगळे लांबचे, उणे नंबरचे, कॉलेजच्या पोरांनी वापरून टाकलेले. समोर मांडवाखाली मात्र म्हातारी माणसं बसली होती. सकाळपासून बसली होती. आधी प्रार्थना, मग प्रवचन, मग चिठ्ठ्या, मग डॉक्टर आणि सगळ्यात शेवटी इनासचं टेबल. अजून साठेक जण बाकी होते आणि बहुतेकांचं दुखणं एकच, वयाबरोबर जवळचं दिसेनासं झालेलं.

फादर लुसियान टेबलापाशी आले. ते मूळचे वेंगुर्ल्याचे, आता इनासच्या गावच्या चर्चमध्ये. डॉक्टर, नर्सेस आणि गाणारी मंडळी अशी पंधरा जणांची तुकडी जमवून त्यांनीच ती मोझांबिकच्या उत्तरेकडच्या या खेड्यात आणली होती.

"काय रे इनास, पुरतले मा?"

इनासने पिशवीकडे पाहिलं. "चष्मे आसत, फादर."

"मगे बरां. कोणाक रिकाम्या हातान धाडू नको. चार-चार तास चलान इली हत."

फादर पुढे गेले. इनास खोटं बोलला नव्हता. चष्मे होतेच. हेच त्याला पुढे सगळ्यात जास्त लागलं.

इनास चोपन्न वर्षांचा. कट्टा गावच्या बाजारात, एसटीच्या थांब्यासमोर त्याचं चष्म्याचं दुकान. मुंबईत एका चष्मेवाल्याकडे अठरा वर्षं काम करून तो नंबर काढायला शिकला आणि आई थकली तेव्हा गावी परतला. चर्चच्या कुठल्या समितीवर तो कधी नव्हता. मिस्साला मागच्या बाकावर बसायचा आणि संपली की दुकान उघडायला जायचा. आफ्रिकेला जाणाऱ्या तुकडीला डोळ्यांचा नंबर काढणारा माणूस हवाय असं समजलं, तेव्हा त्याची बायको पिदादच म्हणाली, "तू जा. एवढा एकच तुका धड येता."

मग त्याने दुकानात एक खोका ठेवला. सहा महिने लोक त्यात जुने चष्मे टाकत होते. भाताची शेती करणारे, मास्तर, तारकर्लीचे खोल्या भाड्याने देणारे, हिंदू, ख्रिस्ती, सगळे. इनासने एकेक चष्मा साबणाने धुतला, यंत्रावर लावून नंबर तपासला आणि चिठ्ठी चिकटवली. चारशेच्या वर झाले.

पहिले तीन दिवस त्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. तिथेही तांबडी माती होती, काजू होते, माड होते. मदतीला असलेली तिथली सिस्टर बेनेदिता पोर्तुगीजमध्ये खिडकीला जानेला म्हणाली, तेव्हा तो चमकलाच. त्याच्या घरीही खिडकीला जनेलच म्हणतात. टेबलाला ती मेझा म्हणाली, किल्लीला शावी. तेवढ्या दोन-चार शब्दांवर तो तिथल्या बायकांशी बोलायचा आणि त्या तोंडावर फडकं धरून हसायच्या. ज्याला जो नंबर हवा तो त्याच्याकडे होता. चष्मा नाकावर बसला की माणसाचा चेहरा कसा उघडतो, हे तो तीस वर्षं बघत आला होता, पण ते बघताना आपलाही चेहरा उघडतो हे त्याला तिथे कळलं.

आणि चौथ्या दिवशी दुपारी त्याच्यासमोर साठेक वर्षांचा एक माणूस बसला. त्याला अधिक दोन हवा होता. इनासने सोनेरी काड्यांचा उणे दीड उचलला आणि त्याच्या नाकावर ठेवला. माणूस इकडेतिकडे बघून हसला. त्याने आरसा मागितला, फोटो काढून घेतला. जन्मातला पहिला चष्मा होता तो. इनासने वर न बघता त्याची चिठ्ठी बाजूला ठेवली. पण पुढचा माणूस आला तेव्हा तितकं जड गेलं नाही आणि त्याच्या पुढच्या वेळी त्याहून कमी.

आमेलिया विसाव्या-बाविसाव्या नंबरला आली. सत्तरीची असेल, उंच, डोक्याला निळं फडकं बांधलेलं. ती गावातल्या बायकांचे कपडे शिवून देते, सिस्टर बेनेदिताने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तीन वर्षं झाली, स्वतःची सुई तिला स्वतः ओवता येत नाही.

इनासने उणे दोन दिला.

आमेलियाने कमरेची गाठ सोडून सुई आणि दोरा काढला. दोरा तोंडात ओला केला. एकदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. तिने चष्मा काढून फडक्याने पुसला, परत घातला आणि सुई लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. मग तिने चष्म्याच्या वरून इनासकडे पाहिलं. बराच वेळ. इनास मान खाली घालून पुढची चिठ्ठी शोधू लागला. चिठ्ठी त्याच्या हातातच होती.

ती सिस्टरशी काहीतरी बोलली.

"चांगला आहे म्हणते," सिस्टर म्हणाली. "सवय होईल म्हणते."

आमेलियाने सुई-दोरा गाठीत बांधला आणि उठता उठता टेबलावरच्या इनासच्या हातावर आपला हात ठेवला. आजाऱ्याच्या हातावर ठेवावा तसा.

ऊन उतरल्यावर समारोपाची मिस्सा झाली. प्रवचन रस्त्याकडेला बसलेल्या आंधळ्याचं होतं, ज्याला प्रभूने दृष्टी दिली. मग फादरांनी काही माणसांना पुढे बोलावलं, साक्ष द्यायला. त्यांत आमेलिया होती. ती वेदीसमोर चष्मा लावून उभी राहिली. फादरांनी विचारलं, आता दिसतं का? पाहुण्यांच्या बाकाकडे वळून तिने इनास बसला होता त्या बाजूला पाहिलं. उणे दोनातून तिला तो कितपत दिसला असेल कुणास ठाऊक.

"दिसतं," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या, गाणं सुरू झालं, कोणीतरी फोटो घेतला. इनासनेही टाळ्या वाजवल्या. वाजवताना त्याला कळलं की ही बाई वेदीसमोर उभी राहून खोटं बोलली आहे आणि ते त्याच्यासाठी बोलली आहे.

परत आल्यावर तिसऱ्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये तुकडीतल्या गावच्या तिघांचा सत्कार ठेवला होता. स्टेजच्या मागे मोठा बॅनर. त्यावर आमेलिया. खाली तांबड्या अक्षरांत, 'आता मला दिसतं'. इनासच्या खिशात एक कागद होता. त्यावर त्याने दोन ओळी लिहून आणल्या होत्या: शेवटच्या दिवशी मी लोकांना चुकीचे चष्मे दिले. मला ते माहीत होतं. शाल घातली, नारळ दिला, माईक समोर आला. दुसऱ्या बाकावर पिदाद डोळे पुसत होती.

"तुमी सगळ्यांनी चष्मे दिलात, म्हणान झाला," इनास म्हणाला. "देव बरें करूं."

आणि खाली बसला. घरी जेवताना पिदादने दोनदा विचारलं, काय झाला? तो म्हणाला, काय नाय.

सोमवारी दुकानात काशीबाई आली. कट्ट्याच्या वरच्या वाडीत तिची भाताची शेती. नवरा बाबली दोन वर्षांपूर्वी वारला. त्याचा चष्मा तिने स्वतः कागदात गुंडाळून खोक्यात टाकला होता.

"एक इचारू, इनास? ह्येंचो चष्मो कोणाक गावलो?"

इनासला आठवत होतं. "एका शाळामास्तराक, वयनी. पैल्याच दिवशी. बरोबर बसलो. थंयच पुस्तक काढून वाचूक लागलो तो."

काशीबाईचा चेहरा फुलला. "बरां झाला. ह्येंका पण वाचूची लय हौस." ती पिशवी उचलून निघाली. इनासला तिथे थांबता आलं असतं. सांगितलं त्यात काही खोटं नव्हतं.

"वयनी, जरा बसा," इनास म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. पिशवी, फादर, सोनेरी काड्या, सुई. वेदीसमोरची साक्षही सांगितली. काशीबाई स्टुलावर बसून ऐकत होती.

"त्या बायेक कळलेला?"

"कळलेला."

"आणि तिका कळला, ह्या तुका कळला."

इनासने मान डोलावली.

काशीबाईने हातातली पिशवी खाली ठेवली. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे पण येतत शिबिरवाले. लांब लांबसून येतत. गोळये देतत आणि मगे इचारतत, बरां वाटला? आमी म्हणतंव, वाटला. इतकी वाट चलान इलेली माणसां. त्येंका काय सांगूचा?"

इनासने काउंटरवरचं फडकं घडी करून ठेवलं.

"तुका पण सांगितलंय मी," ती हळूच म्हणाली. तिने नाकावरचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "ह्यो दोन वर्सांचो. ह्ये गेल्यार तू घराकडे येवन नंबर काढलंस, घरपोच आणून दिलंस. तू इचारलंस, दिसता? मी म्हटलंय, दिसता. धड कधीच दिसाक नाय."

इनासने तो चष्मा यंत्रावर लावला. डावी काच चुकली होती. सुतकातल्या घरात, अपुऱ्या उजेडात, रडून सुजलेल्या डोळ्यांचा नंबर काढला होता त्याने. नंतर परत जाऊन तपासायला हवं होतं. 'दिसता' म्हणाली म्हणून तो परत गेला नव्हता.

"माका सांगूचा होतास, वयनी."

"तुझा तोंड बघून सांगवला नाय," काशीबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी तो फादर लुसियानकडे गेला. फादरांनी सगळं ऐकून घेतलं. आधी म्हणाले, तुझा हेतू वाईट नव्हता. मग म्हणाले, "मी तुका इचारलंय तेव्हा तू माका सांगलंस असतंस तर?" इनास म्हणाला, "तर तुमी थांबवला असतास." "माका खात्री नाय रे," फादर म्हणाले. पुढच्या रविवारी हॉलमध्ये बॅनर नव्हता. का काढला ते कोणी विचारलं नाही.

इनासने जवळच्या नंबरचे ऐंशी चष्मे तयार केले. पिदाद रोज जेवण झाल्यावर त्याच्याबरोबर बसून काड्यांचे स्क्रू आवळत होती. तिलाही त्याने सांगितलं होतं. ऐकून ती दोन दिवस त्याच्याशी नीट बोलली नव्हती, मग एका संध्याकाळी स्वतःच पेचकस घेऊन शेजारी येऊन बसली. तिकडे जाणाऱ्या दोन सिस्टरांबरोबर खोका रवाना झाला. आत कुठला नंबर कोणाला द्यायचा त्याची यादी होती. यादीत पहिलं नाव आमेलियाचं होतं.

तीन महिन्यांनी सिस्टर बेनेदिताचा निरोप मोबाईलवर आला. बावन्न माणसांनी जुने चष्मे परत करून नवे नेले. तो सोनेरी काड्यांचा माणूस दोन्ही ठेवू का म्हणाला. आमेलिया आली होती, दिवसभर रांगेतल्या बायकांना चटया पसरून देत होती. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, माझा चांगला आहे, हा दुसऱ्या कोणाला द्या. सिस्टरने दोनदा समजावलं. तिने ऐकलं नाही.

खाली फोटो होता. आमेलिया ओणवून चटई सरळ करत होती. चष्मा नाकावर होता आणि ती त्याच्या वरून बघत होती.

इनासने तो फोटो पिदादला दाखवला.

"घेयना कित्याक नाय ती?" पिदाद म्हणाली.

"देवासमोर 'दिसता' म्हटल्यान ना तिना," इनास म्हणाला. "आता नवो घेतल्यान तर ता खोटा ठरतला."

इनास उठून बाहेर पडवीत गेला.

आता त्याच्या दुकानात काउंटरच्या टोकाला एक सूप असतं. त्यात मूठभर उकडे तांदूळ आणि त्यांत त्याने स्वतः मोजून मिसळलेले बारीक खडे. ज्यांना अक्षर येत नाही त्या बायांना तो नवा चष्मा घालून, सगळे खडे वेचून होईपर्यंत सुपाशी बसवतो. एसटीची वेळ झालेली असली तरी बसवतो. परवा कोणी म्हातारी बसली होती, अर्धा तास झाला होता, बाहेर तिचा मुलगा हॉर्न वाजवत होता.

"दिसता रे बाबा, दिसता," म्हातारी म्हणाली. "सोड आता माका."

इनास काउंटरच्या पलीकडे हात मागे बांधून उभा होता.

"आजून दोन खडे रवलेत, आये," तो म्हणाला. "सावकाश बघ."