बुटक्याची कात्री

मित्रांनो, मी एक जुना, छोटा, माती खणणारा एक्स्कॅव्हेटर आहे. 'छोटा' हा शब्द मी स्वतः वापरला म्हणून चालेल. दुसऱ्या कुणी वापरला की माझं इंजिन तापतं.

माझं वजन साडेतीन टन. कारखान्यात माझ्या शेजारी वीस-वीस टनांची धूडं उभी होती. त्यांना न्यायला मोठं दार उघडलं, मला बाजूच्या दाराने काढलं. तेव्हाच मी ठरवलं, ठीक आहे, आपण बाजूच्या दारांनीच जग जिंकू. आणि जिंकलं! जिथे त्या धुडांचं नाकही शिरलं नसतं अशा बोळांत मी पाण्याच्या पाइपांसाठी चर खणले. एका दवाखान्याच्या मागच्या अंगणात एकही फरशी न फोडता शिरलो आणि तसाच बाहेर आलो. मालक माझ्या लोखंडी हातावर थाप मारून म्हणायचे, "आमचा बुटका!" त्यांनी म्हटलेलं मला चालायचं.

पुढे मालकांचे गुडघे गेले. माझी एवढीशी पायरी त्यांना चढवेना. वर्षभर मी शेडमध्ये उभा राहिलो. कुणीतरी माझ्या माती खणायच्या बकेटमध्ये रंगाचे रिकामे डबे टाकले. मी कचऱ्याची पेटी नाही, हे ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं.

मला बाहेर काढलं ते मालकांच्या सूनबाईंनी. त्या कॉलेज शिकलेल्या, घरी दोन वर्षांची मुलगी. रीतसर शिकून त्या माझ्यावर बसू लागल्या. रोज तेल तपासायच्या, बोल्ट तपासायच्या आणि चार पावलं जाऊन परत येऊन पुन्हा तपासायच्या. मेकॅनिक हसायचा. "वहिनी, मशिन आहे हो, तान्हं बाळ नाही!"

"बाळ निदान रडून सांगतं तरी," त्या म्हणायच्या.

मग कालव्याचं काम आलं. बांधावरच्या झाडांची मुळं बांध फोडत होती. ती झाडं काढायची होती. बांध अरुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल उतार. तिथे माझ्यासारखाच जाऊ शकत होता! फक्त बकेटच्या जागी झाडं कापणारी कात्री हवी होती. ती निवडायला मालक, सूनबाई आणि मी असे तिघं विक्रेत्याच्या आवारात गेलो.

तिथे दोन कात्र्या होत्या. एकीच्या जबड्यात माणसाच्या मांडीएवढं खोड मावायचं, दुसरीच्या जबड्यात कमरेएवढं. मालकांची नजर मोठीवरून हलेना.

"घ्यायची तर दणदणीत घ्या, काका," विक्रेता म्हणाला. "साडेतीनशे किलोची आहे. तुमचं मशिन त्याहून जास्त उचलतं."

"झालं तर मग," मालक म्हणाले.

"आणि झाड?" सूनबाईंनी विचारलं.

"झाडाचं काय?"

"बाबा, करवतीने कापलेलं झाड खाली पडतं. ही कात्री झाड धरून ठेवते. कापून झालं की ओलं खोड, फांद्या, पानं, सगळं हिच्या जबड्यात लटकणार. ते वजन कुणी हिशेबात धरलंय?"

विक्रेता हसला. "ताई, तुम्ही फार काळजी करता."

"करते. आत मी बसणार आहे."

त्याने ती मोठी कात्री मला जोडली. माझा हात समोर, अगदी जवळ ओढून घेतला आणि एक ओंडका उचलून दाखवला. मालकांनी टाळी वाजवली. मला मात्र त्या टाळीची लाज वाटली. पोटाशी धरून कुणीही उचलेल!

"आता हात बाजूला फिरवा आणि पूर्ण लांबवा," सूनबाई म्हणाल्या.

"असं कोण काम करतं, ताई?"

"बांधावर मी."

त्यांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि स्वतः आत बसल्या. ओंडका जमिनीपासून वीतभरच उचलला. चाकांच्या जागी असलेल्या माझ्या दोन पट्ट्यांपैकी पलीकडचा जमिनीवरून सुटू लागला. मी ते लपवलं नाही, मित्रांनो. पट्ट्याखाली उजेड दिसेपर्यंत तो उचलू दिला.

"मशिनच कमजोर आहे," विक्रेता पुटपुटला.

कमजोर! याच्या हातात पाण्याची बादली द्या, हात खांद्याच्या रेषेत लांबवायला सांगा आणि मग विचारा कमजोर कोण ते.

मालक कधीचे त्या उजेडाकडे बघत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. "खाली ठेव, बाळा," ते हळूच म्हणाले. "सावकाश." आणि ओंडका टेकल्यावर विक्रेत्याकडे वळून कडाडले, "आमच्या बुटक्याला नावं ठेवू नकोस! ती धाकटी कात्री जोड."

"मग उंच झाडांचं काय करणार?"

"शेंड्याकडून तुकडे करत खाली येईन," सूनबाई म्हणाल्या. आधी त्यांनी माझा हात हलवणाऱ्या तेलाचा दाब त्या कात्रीला पुरतो का ते पाहिलं. मग तोच ओंडका, तसाच लांबवलेला हात. माझे दोन्ही पट्टे जमिनीला चिकटून राहिले.

कालव्यावर आम्ही अकरा दिवस काम केलं. एकेक झाड तीन-चार तुकड्यांत काढलं. शेवटी एक खोड राहिलं, कमरेहूनही जाड. कालव्याचा मुकादम खिशात हात घालून म्हणाला, "काय, बुटक्याला झेपत नाही वाटतं?"

सूनबाईंनी इंजिन बंद केलं. "नाही झेपत. करवतवाल्याला बोलवा."

मला वाटलं होतं, हे ऐकून मी गंजून जाईन. उलट माझी मान ताठ झाली. दीडशे झाडं काढून एकाला नाही म्हणणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत असेल, तर त्याने खुशाल म्हणावं.

मित्रांनो, आमची काळजी घ्या म्हणजे नुसतं तेल-पाणी करा असं मी म्हणत नाही. आमच्या हातात काही देण्याआधी तो हात किती लांब न्यायचा आहे ते विचारा. यंत्रांना विचारा, माणसांनाही विचारा. आणि उत्तर 'नाही' आलं तर तोंड वाकडं करू नका.

सूनबाई खाली उतरल्या तेव्हा ऊन अजून बांधावर होतं. त्यांनी घरी फोन लावला. "निघालेय. पोरीला भरवू नका, मी येऊन भरवते."