नळगळती, छतगळती आणि केसगळती

बेचाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केल्यावर मिस्त्रींनी काम थांबवलं, ते गुडघ्यांमुळे. सिंकखाली शिरलेल्या माणसाला बाहेर ओढायला दोघं लागत असतील, तर त्यानं मुळात शिरूच नये, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

घरी बसल्यावर त्यांनी घरातलेच नळ खोलून पुन्हा बसवायला घेतले. एकदा बायको डोक्याला साबण लावून बसली होती आणि यांनी न्हाणीघराचा नळ सुटा करून ठेवला होता. त्या दिवशी तिनं केस पुसत सुनेला सांगितलं, "यांना काहीतरी उद्योग दे गं, नाहीतर मी माहेरी जाते." तिचं वय अडुसष्ट होतं आणि माहेरी आता कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे सुनेनं धमकी गांभीर्यानं घेतली. ती दुकानदारांना वेबसाइट बनवून द्यायची. तिनं सासऱ्यांनाही एक बनवून दिली. नाव ठेवलं 'नळगळती : कारणे आणि उपाय'. वर मिस्त्रींचा फोटो, हातात पाना, डोक्यावर उजेड चमकतोय.

मिस्त्री बरं लिहायला लागले, आणि याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं. पहिल्या लेखाखाली त्यांच्या थोरल्या बहिणीची कॉमेंट आली, "छान लिहिलंयस रे." दुसरी अनोळखी होती.

"अप्रतिम लेख! आपला अभ्यास दांडगा आहे. केसगळतीने त्रस्त आहात का? खालील नंबरवर संपर्क साधा."

मिस्त्रींनी टकलावरून हात फिरवला. "फोटो बघून काळजी वाटली असेल बिचाऱ्याला," ते म्हणाले, आणि दोन बोटांनी टाइप करत त्यांनी उत्तर दिलं, "आपण आपुलकीने विचारलंत, आभारी आहे. माझे केस एक्केचाळिसाव्या वर्षीच गेले. आता त्रास काही नाही."

दुसऱ्या दिवशी आणखी कोणीतरी विचारलं, "छतगळतीने हैराण आहात का?" मिस्त्री स्टूल घेऊन सगळ्या खोल्यांची छतं बघून आले आणि उत्तर लिहिलं, "नाही. आत्ताच तपासलं. कळवल्याबद्दल धन्यवाद."

पंधरा दिवस हे असं चाललं. शेवटी सुनेला राहवलं नाही.

"बाबा, ही माणसं लेख वाचत नाहीत हो. 'गळती' शब्द दिसला की येतात आणि आपली जाहिरात चिकटवून जातात."

"न वाचता अप्रतिम म्हणतात?"

"हो."

"मी आयुष्यात एकाही नळाला न बघता चांगला म्हटलेलं नाही," मिस्त्री म्हणाले.

सुनेनं बंदोबस्त केला. ज्या कॉमेंटमध्ये 'गळती' येईल ती आपोआप गायब व्हायची सोय केली. त्याबरोबर मिस्त्रींनी दिलेली सगळी उत्तरंही गायब झाली. नळाबद्दल खरोखर काही विचारणाऱ्या चार जणांची तोंडंही बंद झाली. केसगळती मात्र 'केस ग-ळ-ती' होऊन परत आली, आणि छतगळतीनं मधे टिंबं घातली.

मिस्त्रींनी तेही सोसलं असतं. पण त्याच सुमारास त्यांचा जोडीदार गेला. सत्तावीस वर्षं दोघांनी मिळून कामं केली होती. एक सिंकखाली, एक बाहेर पाना द्यायला. मिस्त्रींनी तीन दिवस बसून त्याच्यावर लिहिलं. जोडीदार पाइपाला कान लावून गळती कुठं आहे ते कसं सांगायचा, आणि शेवटी शेवटी ऐकू येईनासं झालं तेव्हा हाताचा पंजा लावून कसा सांगायचा, ते लिहिलं. लेख टाकून ते जेवायला बसले. उठून बघतात तो खाली कॉमेंट.

"वा! खूपच उपयुक्त माहिती. पुढच्या भागाची आतुरतेने वाट पाहत आहोत. छत ग.ळ.ती.साठी आजच फोन करा."

मिस्त्रींनी ती दोनदा वाचली. मग बायकोला म्हणाले, "याचा पुढचा भाग मी कुठून आणू?"

बायकोनं त्यांच्यासमोर चहा ठेवला. तो तसाच गार झाला.

सकाळी त्यांनी सुनेला बोलावलं. "असं कर. ज्याला माझ्या लेखाखाली बोलायचंय, त्यानं आधी लेख वाचलाय हे दाखवायचं. लेखातलेच तीन प्रश्न. तिन्ही बरोबर आले तरच कॉमेंट लिहिता येईल."

"बाबा, कोणीच लिहिणार नाही."

"नको लिहू दे."

दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीचा फोन आला.

"तुला बाराखडी मी गिरवायला लावली," ती कडाडली. "शेंबूड पुसून शाळेत सोडलं. आणि आता तू माझी परीक्षा घेतोस? तीनपैकी एक मार्क?"

"ताई, तू लेख वाचलास का?"

"वरवर वाचला. वॉशर किती जाडीचा हवा ते मला या वयात कशाला?"

"मग छान आहे हे कशावरून म्हणणार होतीस?"

बहिणीनं फोन ठेवला. ती पुढचे सात दिवस बोलली नाही. त्या दिवसांत तिनं चार वेळा परीक्षा दिली आणि चारही वेळा नापास झाली, हे मिस्त्रींना नंतर कळलं.

पास झाले ते दोघंच, केसगळती आणि छतगळती. दोघांचेही तीनपैकी तीन.

मिस्त्रींना हा अपमान वाटला. त्यांनी प्रश्न पाच केले. मग दहा केले. मग एक प्रश्न लिहून उत्तर द्यायचा घातला, 'वॉशर उलटा बसल्यास काय होईल? तीन ओळींत सांगा', आणि तो स्वतः तपासायला लागले. दोघं पास होतच राहिले. हळूहळू मिस्त्रींचा राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही. जेवताना ते म्हणायचे, "छतगळतीला सातच दिले आज. डोकं आहे, पण घाई करतो." किंवा, "केसगळतीनं आज सुरेख लिहिलंय. वॉशर उलटा बसला तर नळ पहिले दोन दिवस साळसूद राहतो, असं लिहिलंय. साळसूद! मला सुचला नसता शब्द."

"अहो, ती जाहिरातवाली माणसं आहेत ना?" बायको म्हणायची.

"आहेत. पण अभ्यास करतात."

मग टेपचा प्रसंग घडला. नळ पाइपात बसवताना आट्यांवर जी पांढरी टेप गुंडाळतात, तिच्यावर मिस्त्रींनी लेख लिहिला. खाली दहापैकी दहा मिळवून केसगळतीची कॉमेंट आली.

"सर, लहान तोंडी मोठा घास घेते. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरलं तर टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायला हवी. तुम्ही उलट लिहिलंय. तसं केलं तर नळ आवळताना टेप सुटत जाते. मी टूथपेस्टच्या ट्यूबवर करून पाहिलं. केस ग-ळ-तीवर खात्रीशीर उपाय, खालील नंबरवर संपर्क साधा."

मिस्त्री तडक न्हाणीघरात गेले. टूथपेस्टचं टोपण काढलं, टेप गुंडाळली, टोपण फिरवलं. टेप सुटली. उलटी गुंडाळली. बसली. हात बेचाळीस वर्षं बरोबरच करत आले होते. लिहिताना पाइप मनात दुसऱ्या बाजूनं धरला गेला होता. ते बाहेर आले, लेख दुरुस्त केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो खालचा नंबर फिरवला.

"नमस्कार, केस किती दिवसांपासून गळतायत?" एका बाईचा आवाज.

"टेपची चूक तुम्ही काढलीत का?"

पलीकडे एकदम कुजबुज, "सर? तुम्ही बोलताय? मोठ्यानं बोलता येत नाही इथे. पत्ता पाठवते. येता का?"

सुनेनं त्यांना गाडीनं नेलं. चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एक लांबट हॉल होता. अकरा टेबलं, प्रत्येकावर एक कॉम्प्युटर आणि पुठ्ठ्याची पाटी. केसगळती, छतगळती, गुडघेदुखी, झुरळं, वधू-वर, असं काय काय. मिस्त्री धापा टाकत दारात उभे राहिले, आणि अकराच्या अकरा माणसं उभी राहिली.

"सर आले," कोणीतरी म्हणालं.

केसगळती चाळिशी ओलांडलेली बाई होती. चष्मा साखळीनं गळ्यात, केस भरपूर. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि सगळं सांगितलं. प्रत्येकानं दिवसाला चाळीस कॉमेंट टाकायच्या असा इथला नियम. नळगळतीची साइट दोघांच्या यादीत. परीक्षा सुरू झाली तेव्हा दोघं अडले. मग तिनं नाइलाजानं एक लेख नीट वाचला. "आवडला हो, सर. मग मागचे वाचले. मग यांना समजावून सांगितले." जेवणाच्या सुट्टीत सगळी टेबलं जवळ ओढली जाऊ लागली. झुरळंवाल्यानं घरी आईचा नळ दुरुस्त केला, म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

"छतगळती कोण?" मिस्त्रींनी विचारलं.

दाराएवढा एक माणूस खाली मान घालून पुढे आला. आवाज मात्र अगदी बारीक.

"जोडीदारावरचा लेख," मिस्त्री म्हणाले.

"तेव्हा वाचला नव्हता, सर. परीक्षेसाठी मागचे लेख वाचताना तो आला. लगेच कॉमेंट काढायला गेलो. पण आम्हाला टाकता येते. काढता येत नाही."

मिस्त्रींनी घरून येताना त्याला सुनावायची चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही त्यांना आठवेना. "घाई करता तुम्ही," एवढंच ते म्हणाले. "तरी सात मार्क वाईट नाहीत."

एवढ्यात काचेच्या खोलीतून व्यवस्थापक आला. "म्हणजे तुम्हीच ते!" तो जवळजवळ रडकुंडीला आला होता. "काका, तुम्ही माझं ऑफिस बसवलंत. पूर्वी माझी माणसं दिवसाला चाळीस कॉमेंट टाकायची. आता नऊ. का? तर वाचतात! तुमचेच नाही, सगळ्यांचे लेख वाचतात. काल या वधू-वरनं कुठल्यातरी लेखाखाली दोन पानं लिहिली की लेखकाचं म्हणणं मला पटत नाही. कारणं दिली! आणि आपला नंबर टाकायलाच विसरला!"

"लेखक चुकलाच होता," वधू-वर मागून म्हणाला.

"बघा!" व्यवस्थापकानं हात जोडले. "ती परीक्षा बंद करा."

"मी कशाला बंद करू? माझ्याकडे माणसं पाठवायची तुम्ही थांबवा."

व्यवस्थापकानं क्षणभर विचार केला, आत गेला, आणि यादी आणून सगळ्यांसमोर 'नळगळती' या नावावर लाल रेघ मारली. मिस्त्री ज्यासाठी आले होते ते पाच मिनिटांत झालं. हॉलमध्ये मात्र कोणी हललं नाही. झुरळंवाला पाटीकडे बघत बसला.

मिस्त्री जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

"बाई, पाना कधी हातात धरलाय?"

"नाही, सर."

"गुडघे कसे आहेत?"

"उत्तम आहेत."

"मला कधी सांगितलं नाहीत," गुडघेदुखीवाला पुटपुटला. तो तीन वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर होता.

पुढच्या महिन्यापासून केसगळती मिस्त्रींच्या हाताखाली कामाला लागली. घरी तिला सगळे वेड्यात काढत होते. मिस्त्रींची बायको मात्र पहिल्याच दिवशी तिला म्हणाली, "यांना घराबाहेर ठेवणारी तू देवासारखी भेटलीस. काय लागेल ते माग." थोरली बहीण सहाव्या खेपेला पास झाली आणि तिनं कॉमेंट लिहिली, "ठीक आहे." जोडीदारावरच्या लेखाखाली सुनेनं ती जुनी कॉमेंट काढून टाकली. चार दिवसांनी तिथे नवी आली, नाव नाही, नंबर नाही. "काल मीही पाइपाला पंजा लावून बघितला. कळत नाही अजून."

पहिलं काम एका दातांच्या दवाखान्यात होतं. हात धुवायच्या बेसिनखालचा कॉक जाम झाला होता. मिस्त्री रुग्णांच्या खुर्चीत बसून टॉर्च धरत होते. केसगळती पाठीवर झोपून आत शिरली होती.

"फिरत नाहीये, सर."

"हं."

"जोर लावू?"

मिस्त्रींनी टॉर्च जरा पुढे केली. मग हळूच, अगदी हळूच, कॉक आधी आवळल्याचा बारीक करकर आवाज आला, मग सोडल्याचा. अडकलेला कॉक सोडवायला आधी केसभर आवळावा लागतो, हे त्यांनी अजून कुठेही लिहिलेलं नव्हतं.

"झालं," ती आतून म्हणाली.

ती आपली आपण बाहेर आली. कपाळावर गंजाचा पट्टा उमटला होता. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं विचारलं, "किती वर्षं करताय हे?"

"वाचन अडीच महिने," ती म्हणाली. "काम आजपासून."

डॉक्टरीणबाईंनी नळ उघडला, बंद केला आणि तिघंही वाकून बघत राहिले. एक थेंब लोंबकळला, तिथेच राहिला, पडला नाही. मग केसगळतीनं फडका घेतला आणि आधी पाना पुसला, मग कपाळ.