गळ्यातला गोळा आणि चूळभर पाणी

"पडलो! गोळो पडलो!"

कट्टा गावाजवळच्या त्या खळ्यात एकच गलका उठला. मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यावरून माना लांबवल्या, बायकांनी हात जोडले, आणि मसुऱ्याहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं तर तिथंच लोटांगण घातलं. हरिश्चंद्रबुवांनी गणपतच्या गळ्याला लावलेली पितळेची नळी तोंडानं ओढली होती, आणि केळीच्या पानावर थुंकून एक गोळा टाकला होता. सुपारीएवढा, तांबडा, बुळबुळीत.

बुवा खारेपाटणाकडचे. एस्टीचं इंजिन घाटात थांबेल, पण बुवांची टकळी थांबायची नाही. "बाळा, हा आजार नव्हे, हा कोप! डॉक्टर म्हणतो कॅन्सर. अरे, शब्द साहेबाचा, औषध साहेबाचं, आणि गळा मात्र आपल्या मातीतला! कसं लागू पडणार?" असं काहीबाही बोलून झालं की बुवा देवघरात जात, जरा वेळानं बाहेर येत आणि मग मात्र मौन. गोळा पानावर पडेपर्यंत तोंडातून अवाक्षर नाही. पडला की गाडी पुन्हा सुरू. "गोळा आला, मुळं राहिली! आणखी दोनदा यायचं. आणि खबरदार, हॉस्पिटलातली लाईट घेतलीस तर मुळं विषारी होतील. मग माझ्या दारात पाय ठेवायचा नाही."

गणपतची बायको सुगंधा पदरात तोंड घालून रडत होती. "वाचलो गो माझो घो," एवढंच तिला सुचत होतं. तिला हसू नका. नवऱ्याच्या गळ्यात घास अडकतो तेव्हा भल्याभल्यांची अक्कल जाग्यावर राहत नाही.

दुखणं सुरू झालं तेव्हा आधी भात अडकला, मग मऊ भात अडकला, मग राहिली नुसती पेज. काजूच्या बागेत दिवसभर खपणारा गणपत नुसता हाडांचा सापळा झाला. जिल्हा नवा झाला होता, पण असल्या दुखण्याला मुंबईच गाठावी लागे. सुगंधाचा भाऊ गुरुदास, मालवणातला शाळामास्तर, दोघांना घेऊन गेला. तिथं निदान झालं, अन्ननलिकेचा कॅन्सर. तोही इतका पुढे गेलेला, की ऑपरेशन करण्यात अर्थ नव्हता.

तिथल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. "आजवर आम्ही नुसती लाईट, म्हणजे किरणं, देत आलो. थोड्यांना बरं वाटतं, बहुतेकांना फार काळ नाही. आता काही जणांना लाईटच्या जोडीला दोन औषधं सुईतून देऊन बघतोय. कदाचित फायदा होईल, कदाचित नुसत्या उलट्या आणि अशक्तपणाच वाढेल. खरं सांगू? आम्हांला माहीत नाही. सगळ्यांना एकच देऊन ते कळायचंही नाही, दोन्हींची तुलना करावी लागते. म्हणून कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठी ठरवते. तुमची तयारी असेल तरच."

गणपत हो म्हणाला. चिठ्ठी निघाली, नुसती लाईट.

आणि इथंच घोटाळा झाला. गणपतच्या गावी अडलं-नडलं की देवाला कौल लावतात. पाषाणावर ओली फुलं चिकटवायची. उजवीकडचं पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नाही. गणपतनं त्या चिठ्ठीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "डावो कौल इलो गो," तो बायकोला म्हणाला. "देवान माका नको म्हटल्यान. आता कित्याक राहूचा हंय?" सोमवारी लाईट सुरू व्हायची होती. उशीर केलात तर पाणीसुद्धा उतरायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. तरी हा पठ्ठ्या घरी निघून आला, आणि वाटेत एस्टीतच कुणीतरी बुवांचं नाव त्याच्या कानावर घातलं.

गोळा पडल्यावर घरी दिवाळी. "जाता गो, बरी जाता पेज," असं म्हणून गणपत वाटी रिकामी करी आणि उठून परसात जाई. एकदा सुगंधा सहज मागोमाग गेली. दगडी गडग्याच्या आड तो वाकला होता. प्यालेली सगळी पेज बाहेर आली होती, आणि तो पायानं त्यावर माती ओढत होता.

"अवो, ह्या काय?"

"बोलू नको खंय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बुवांनी गोळो काढल्यानी, सगळ्यांनी बघितला. माझीच श्रद्धा कमी पडली आसतली."

सुगंधाच्या काळजाचं पाणी झालं. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस, आणि त्याला वाटतंय की चूक आपलीच! ती पायरीवर बसून पोटभर रडली. मग रडता रडताच तिच्या डोक्यात एक गोष्ट घोळायला लागली. एवढा बडबड्या बुवा, तो नेमका गोळा काढतानाच मुका कसा होतो? आणि डॉक्टरीणबाईंचं ते बोलणं, तुलना करावी लागते.

ती तडक मालवणात भावाकडे गेली. "गुरू, जेच्या गळ्यात काय्येक नाय, तेच्या गळ्यातसून बुवा काय काढता, ता बघूया."

रविवारी गुरुदास गळ्याला मफलर गुंडाळून कट्ट्याला उतरला. खळ्याच्या तोंडाशी हौसाबाई मालवणी खाजा विकत बसली होती. सुगंधानं भावाला तिथं उभं केलं आणि तिच्यासमोर खाजा खायला लावला. मग तो खोकत, कण्हत आत शिरला. सुगंधा मागे, गणपत तिच्या मागे. गणपतला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"म्हाराज, पेजसुदिक उतरणा नाय," गुरुदास विव्हळला.

बुवांनी गळा चाचपला. "अरेरे! याच्या गळ्यात तर दोन गोळे! आजोळचा कोप आहे हा!" मग देवघर, मग मौन, मग नळी. आणि पानावर गोळा थबकन पडला.

"पडलो! पडलो!"

गुरुदासनं मफलर सोडला, खिशातून खाजा काढला आणि कुडुमकुडुम चावून खाल्ला. झालं! खळं वेडं झालं. बुवा तर उभेच राहिले. "बघा रे बघा! आत्ता पेज उतरत नव्हती, आता खाजा खातोय!"

"हौसाबाय!" सुगंधा जीव खाऊन ओरडली. "ह्यान आत येवच्या आदी काय केल्यान, ता सांग सगळ्यांका!"

"काय सांगू गो बाय? माज्याफुडे उभो राहून असोच कुडुमकुडुम खाजा खाल्ल्यान. माका वाटला, टोपलीच संपयतलो!"

कुणीतरी फिसकन हसलं. "तो गोळा सुप्त होता," बुवा घाईघाईनं म्हणाले.

सुगंधानं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. "मगे आता आणखी कोणाक तरी बसवा. पण देवघरात जाव नको. हंयच सगळ्यांसमोर चूळ भरा, तोंड उघडून दाखवा, आणि मगे लावा नळी."

बुवा गप्प. या वेळी तोंड रिकामं असूनही गप्प. तेवढ्यात गुरुदास देवघरात शिरला आणि एक वाडगा घेऊन आला. आत कोकमाच्या तांबड्या आगळात भिजत घातलेले बुळबुळीत तुकडे होते. मसुऱ्याच्या म्हाताऱ्यानं, लोटांगण घातलेल्या त्याच म्हाताऱ्यानं, एक उचलून नाकाशी धरला. "मेल्यांनो, माकूल आसा माकूल! कालवणाची माकूल!" देवघरात त्या बुळबुळीत माशाचा तुकडा गालात दाबायचा, मौनाचं ढोंग करायचं, नळी ओढल्यासारखं करून थुंकायचं. झाला चमत्कार.

काही लोक हसले, पण काही सुगंधावरच चिडले. "तुझे हॉस्पिटलवाले तरी खात्री देतत काय?"

"नाय देणत," ती म्हणाली.

तेव्हा मागून गणपत पुढे आला. त्याचा आवाज जेमतेम फुटत होता. "माका पेज जाणा नाय. गोळो काढलो त्या दिसाक पण गेली नाय. लाजेन बोललंय नाय." ज्या बायका आपापल्या माणसांना घेऊन आल्या होत्या, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

सुगंधानं त्याचा हात धरला. "चलात. आजची गाडी आसा. आणि ती चिठी म्हणजे कौल न्हय. देवान न्हय, माणसांनी काढलेली ती. तेंका म्हायत नाय, म्हणून काढल्यानी. जो तोंडार म्हायत नाय म्हणता, तो फसवता कशाक?"

ते गेले. गणपत पूर्ण बरा झाला असं मी सांगणार नाही, मी काही बुवा नाही. लाईट घेतल्यावर हळूहळू घास उतरायला लागला. गणेशचतुर्थीला त्यानं आपल्या हातानं एक मोदक खाल्ला, आणि तो उतरेपर्यंत सुगंधा श्वास धरून बसली होती. पुढच्या पावसात दुखणं उलटलं. शेवटच्या खेपेला तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "दुसरी चिठी बरी होती काय वो?"

बाई म्हणाल्या, "अजून माहीत नाही, सुगंधाबाई. कळेल तेव्हा तुमच्या यजमानांसारख्या माणसांमुळेच कळेल."

भाद्रपदाच्या आत गणपत गेला.

दुःखानं पिचलेल्या माणसाला कुणीतरी "नक्की बरा होशील" म्हणावं, असं वाटतंच. पण बाबांनो, नक्की म्हणणाऱ्यालाच आधी पारखून घ्या. कशावरून, ते विचारा. धडधाकट माणसावर करून बघा. आपला माणूस खरंच जेवतो का, ते त्याच्या ताटाशी बसून बघा, आणि नसेल जेवत तर त्याला दोष देऊ नका. कुणकेश्वराकडे म्हणे आता कुणी शंख लावून गाठी ओढतो. परवा शेजारची नर्मदा आपल्या आईला तिकडे न्यायला निघाली, तेव्हा सुगंधानं तिला अडवलं नाही. पाण्यानं भरलेला तांब्या तेवढा तिच्या हातात दिला.

"पयली तेका चूळ भरूक सांग," ती म्हणाली. "भरल्यान नाय, तर आवशीक घेऊन सरळ मुंबयची गाडी पकड. मी येतंय तुझ्या वांगडा."