चाळीत निजलेले कांदे

"कांद्याला पंखा, आणि आपण मेलं पदरानं वारा घ्यायचा," तृप्ती पुटपुटली. सून कांद्याच्या चाळीच्या या अंगाला, सासू लंकाबाई त्या अंगाला, मधे नुसत्या बांबूच्या पट्ट्या आणि उन्हाळी कांद्याचा ढीग. लंकाबाईंना शब्दन् शब्द ऐकू आला. घरातला एकुलता एक टेबलपंखा चाळीत आणून लावणारा त्यांचाच नवरा, धोंडीरामअण्णा, होता, आणि पोरीचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

धोंडीरामअण्णांच्या मते कांदा काढला म्हणून मरत नाही, तो निजतो. हिरवा असताना पातींनी ऊन पिऊन जे साठवलं, तेच झोपेत थोडंथोडं खातो, श्वास सोडतो आणि दिवसेंदिवस हलका होत जातो. खालून-बाजूनं वारा लागला नाही, तर आपल्याच वाफेनं भिजतो आणि सडतो. सडायला लागलेला एक कांदा ढिगात कुठे आहे, हे अण्णांच्या नाकाला आठ दिवस आधी कळायचं. गावोगावची माणसं त्यांना आपल्या चाळींत न्यायची.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण त्यानंतर करपलेलं पिठलंही ते "लय ब्येस" म्हणून खाऊ लागले. तेही दोनच घास. लंकाबाई काय ते समजल्या. तेव्हापासून पहाटेच्या फेरीला त्या मागे मागे चालायच्या, आणि जिथे वास यायचा तिथे खोकायच्या. अण्णा थांबायचे, हात घालायचे, नासका कांदा बाहेर काढायचे. खोकल्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. मुलगा रोहित, तृप्ती, सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण देव्हाऱ्याला पाय लागू नये तसं सगळे त्या गोष्टीपासून जपून चालायचे.

लंकाबाईंना ती फेरी आवडायची. फटींतून उजेडाच्या पट्ट्या आत यायच्या, सालपटं तरंगायची, आणि अर्धवट झोपेत वाटायचं की चाळ म्हणजे एक मोठं लाल जनावर आहे, कूस बदलायला विसरलेलं. त्याचं पोट वर येतंय, खाली जातंय. मग पुढे चाललेल्या नवऱ्याची पाठ दिसायची. सदऱ्यातून खांद्याची हाडं वर यायची, खाली जायची. हाही हलका होत चाललाय, असं मनात यायचं, आणि त्या उगाचच खोकायच्या.

श्रावणात पंचवटीहून लेकीचा, स्नेहलचा, निरोप आला. बारसं होतं. लंकाबाई चार दिवस तिकडे राहिल्या. दुपारी नात मांडीवर निजायची. दूध पिऊन तट्ट झालेलं तिचं पोट हलायचं, आणि खालच्या गल्लीतले रिक्षांचे हॉर्न कुठल्या तरी दुसऱ्या गावातून आल्यासारखे वाटायचे. नातीचं वजन रोज वाढतंय, हे मांडीला कळायचं. चाळीतलं रोज घटतंय. दोन्हीकडे काम एकच चाललेलं, श्वास घ्यायचं. तेवढ्यात त्यांचा डोळा लागायचा.

परतल्या तेव्हा फाट्यावर उतरताच नाकाला वास भिडला. गोडसर, ओला, जड.

चाळीपाशी सगळे उभे होते. तिरपा पाऊस आत येऊ नये म्हणून अण्णांनी बाजूच्या ताडपत्र्या सोडल्या होत्या. पाऊस दुसऱ्याच दिवशी थांबला होता. त्या उचलायच्या कधी, ते नाक सांगणार होतं. रोहित जमिनीकडे बघत होता. तृप्तीच्या नाकाला पदर. एक-दोनदा रोहितनं ताडपत्री उचलायला हात घातला होता, पण अण्णा "ऱ्हाऊ दे" म्हणाले होते, आणि का, ते विचारायचं म्हणजे तीच गोष्ट काढायची.

शेजारगावचा धनराज आपली चाळ तपासायला अण्णांना न्यायला आला होता. वर्षाचं सगळं पीक त्याच्या चाळीत होतं. त्या वासात उभा राहून तो अदबीनं म्हणाला, "आण्णा, एकडाव आमच्याकडं नाक लावून जा."

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. ते वाट बघत होते.

लंकाबाई खोकल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन ताडपत्री उचलली. आतून कोंबट वाफ आली, पट्ट्यांमधून काळं पाणी ठिबकत होतं. अण्णांनी एक कांदा उचलला. तो बोटांत फुटला. त्यांनी तो नाकाशी धरला, बराच वेळ धरला, छाती भरभरून श्वास घेतला.

"धनराज," ते म्हणाले, "हिला घेऊन जा. मला दोन सालांपासून कसलाच वास येत नाय."